विश्लेषण : नामदेवांचे ‘शतकोटी’ अभंग आणि गुरूंची हजारो गाणी, आकड्यांवर विश्वास ठेवायचा का?

बीड जिल्ह्यातील नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखला जातो. अशा गडांवर टाळ-पखवाजाच्या साथीने नामदेव-तुकारामांचे अभंग पिढ्यान्‌पिढ्या गायले जातात. नामदेवांनी शंभर कोटी अभंगांचा संकल्प केला होता, ही कथाही कीर्तनातून ऐकायला मिळते. आजच्या काही गुरूंच्या नावावरही हजारो गाणी सांगितली जातात. हे दोन्ही आकडे एकाच मापाने मोजायचे का?

शतकोटीची कथा काय आहे?

संत नामदेव (१२७०-१३५०) हे कीर्तन परंपरेचे आद्य प्रवर्तक मानले जातात. वाल्मीकींनी शतकोटी रामायण रचले, तसे आपण विठ्ठलाचे शतकोटी अभंग रचू, असा संकल्प त्यांनी केला. घरच्या मंडळींनी आणि जनाबाईंनीही त्यात वाटा उचलला, असे परंपरा सांगते. सुमारे तीनशे वर्षांनी विठ्ठलासह नामदेव स्वप्नात आले आणि उरलेली संख्या पुरी करायला सांगून गेले, असे तुकोबांच्या अभंगांत येते.

हा आकडा शक्य आहे का?

८० वर्षांचे दिवस होतात सुमारे २९,२००. जन्मापासून रचना केली, तरी एकट्याला रोज ३४ हजारांहून अधिक अभंग रचावे लागतील. म्हणजे दर मिनिटाला २३ हून जास्त! प्रत्यक्षात नामदेवांच्या नावावर दोन-अडीच हजार अभंग मिळतात. त्यांतही नंतरच्या ‘नामा’ कवींच्या रचना मिसळल्याचे अभ्यासक मानतात. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. तुकोबांच्या गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

मग ही कथा खोटी म्हणायची?

नाही. ‘शतकोटी’ म्हणजे मोजता येणार नाही इतके. शिवाय संकल्प अपुरा राहिला, हे कथाच सांगते. तुकोबा तर आपल्या शब्दांचे श्रेयही विठ्ठलाला देतात. इथे आकडा भक्तीचा आहे, कुणाच्या गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे.

आधुनिक गुरूंचे दावे वेगळे कसे?

श्री चिन्मय (१९३१-२००७) यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा चिन्मय मिशनशी संबंध नाही. चितगावजवळ जन्मलेले चिन्मय १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी आपला पंथ उभा केला. कार्लोस सँटाना आणि जॉन मॅक्‌लॉफ्लिन हे नामवंत गिटारवादक काही काळ त्यांचे शिष्य होते. चिन्मय यांनी २० हजारांहून अधिक गाणी रचली, असे अनुयायी सांगतात. अमेरिकेतील ४३ वर्षांत विभागले, तरी दिवसाला एकाहून जास्त गाणे होते. गाणी छोटी असतील तर हे अशक्य नाही. ते एकाच कार्यक्रमात अनेक वाद्येही वाजवत. पण वाद्य हाती घेणे वेगळे आणि त्यावर प्रभुत्व असणे वेगळे. संख्येवरून दर्जा ठरत नाही. इथे मात्र संख्याच गुरूच्या थोरवीचा पुरावा म्हणून पुढे केली जाते.

दावा कसा तपासाल?

• आकडा कोण सांगतो? गुरू, अनुयायी की त्रयस्थ जाणकार?
• रचना छापील किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळतात का?
• पंथाबाहेरचे गायक ती गाणी गातात का?
• शिक्षण कुणाकडे, किती वर्षे झाले?

शेवटचा प्रश्न वारकऱ्यांना नवा नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आजही चार वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मोबाइलवर एखाद्या ‘दैवी संगीतकारा’चा मेसेज आला, तर देणगी देण्याआधी किंवा तो पुढे पाठवण्याआधी हे चार प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याने श्रद्धेला धक्का लागत नाही; फसवणूक मात्र टळू शकते.