घरबसल्या मोटर कशी चालते?

शेतातली मोटर गावात बसून चालू करता येते, ही गोष्ट आपल्या गोंदिया जिल्ह्यात आता नवलाची राहिलेली नाही. पंपाच्या खोलीत जुन्या स्टार्टरच्या शेजारी एक लहानशी पेटी टांगलेली असते आणि तिच्यातून बोटभर एरियल बाहेर डोकावत असते. तिला सगळे मोबाईल स्टार्टर म्हणतात. दुकानदार पेटी देतो, वायरमन जोडून जातो, आणि शेतकरी फोन लावून मोटर सुरू करतो. पेटीच्या पोटात काय घडते, हे मात्र सहसा कोणी समजावून सांगत नाही. आज आपण तेवढेच पाहू. कारण आतली गोष्ट ठाऊक नसली, तर हीच पेटी एखादे दिवशी घरातल्या माणसाच्या जिवावर उठू शकते.

आधी तिची गरज का पडली ते पहा. आपला मुलूख धानाचा. खरिपात पाऊस, तलाव आणि बोड्या आपल्याला तारून नेतात. पण उन्हाळी धान घ्यायचे म्हटले की विहीर किंवा बोअर आणि तिच्यावरची मोटर यांच्यावाचून गती नाही. मोटरीला थ्री फेज लाईन लागते, आणि शेतीची ही लाईन राज्यात वर्षानुवर्षे पाळीने दिली गेली. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. तिरोड्याला ३३०० मेगावॅटचा वीज कारखाना आपल्याच जिल्ह्यात उभा आहे, तरी शेतकऱ्याने रात्री दोन वाजता कंदील नाहीतर टॉर्च घेऊन बांधावर जावे, यातली गंमत श्रोत्यांना निराळी सांगायला नको. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा निघाला. परंतु ज्याच्या पदरी अजून रात्रीची पाळी आहे, त्याला आजची रात्र काढायचीच असते. बांधावर साप असतो. नवेगाव-नागझिरा हा तर २०१३ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. त्याच्या कडेच्या गावांत रात्री एकट्याने विहिरीवर जाणे म्हणजे काय, हे तिथल्या घरच्या बायांना विचारावे.

यावर लोकांनी पहिला तोडगा काढला तो ऑटोस्विचचा. साध्या स्टार्टरचा स्वभाव असा, की वीज गेली की आतली कॉईल सुटते आणि मोटर बंद पडते. वीज परत आली तरी कोणी हिरवे बटन दाबल्याशिवाय ती चालू होत नाही. ऑटोस्विच हे बटन आपोआप दाबतो. एका घरापुरते हे सोयीचे, पण गावाचे काय होते पहा. पाच एच.पी.ची मोटर चालताना सुमारे सात अँपिअर वीज घेते. सुरू होतानाच्या क्षणी मात्र ती याच्या सहापट ओढते. एका १०० के.व्ही.ए.च्या डीपीवर अशा पंधरा मोटरी आहेत असे समजा. एकेक करून सुरू झाल्या तर शंभराच्या आसपास अँपिअर लागतात, आणि डीपीची ताकद १३० च्या घरात असते, म्हणजे भागले. पण लाईन येताच पंधराही मोटरी एकाच क्षणी उठल्या, तर मागणी सहाशेच्या वर जाते. मग ग्रिप उडते, वारंवार असे झाले की डीपी जळते, आणि पुढचे आठ-पंधरा दिवस सगळेच कोरडे. ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना सारखे सांगत आले आहे ते याचसाठी. तुमच्या मोबाईल स्टार्टरमध्येही ‘ऑटो’ची सोय बहुधा असते. ती वापरायचीच असेल, तर लाईन आल्यानंतर किती मिनिटांनी मोटर उठावी हे त्यात घालता येते. एका डीपीवरच्या शेजाऱ्यांनी आपसांत बसून प्रत्येकाची मिनिटे वेगळी ठरवून घ्यावीत. यात पैसा लागत नाही. शेजाऱ्याशी बोलणे असावे लागते, एवढेच.

फोनवरून मोटर चालवण्याच्या कामात महाराष्ट्राचे नाव पुढे आहे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे यंत्र तयार केले आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. पंप चालू करण्यासाठी आजोबांना करावी लागणारी पायपीट पाहून आपल्या मनात हा विचार आला, असे ते सांगत आले आहेत. तशी दुरून यंत्र चालवण्याची कल्पना पुष्कळ जुनी. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या हौदात एक लहानशी नाव सोडली आणि तार न जोडता, बिनतारी लहरींनी ती वळवून दाखवली. पण टेस्लाची नाव त्याच्या डोळ्यांसमोर होती. वळली की नाही हे त्याला दिसत होते. आपली विहीर दोन मैलांवर आहे, आणि हा फरक फार मोठा आहे.

आता पेटी उघडून पाहू. तिच्यात मुख्यतः चार वस्तू असतात. एक, सिमकार्ड घातलेला बिनस्क्रीनचा फोन. दुसरा, एक अगदी लहान संगणक. आलेला नंबर आपल्या यादीत आहे का हे तो पाहतो आणि हुकूम सोडतो. तिसरी वस्तू म्हणजे दोन रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारी बटने. पहिला रिले स्टार्टरच्या हिरव्या बटनाला समांतर जोडतात, म्हणजे तो मिटला की हिरवे बटन दाबल्यासारखे होते. दुसरा लाल बटनाच्या तारेत ओळीने बसतो. तो उघडला की लाल बटन दाबल्यासारखे होते. ध्यानात घ्या, पेटी मोटर चालवत नाही. ती फक्त स्टार्टरची बटने दाबते. मोटरीचा भार जुना स्टार्टरच वाहतो. म्हणून स्टार्टरचे पॉईंट जळके असतील तर कितीही महागाची पेटी लावा, उपयोग नाही. चौथी वस्तू सर्वांत मोलाची, ती म्हणजे मोजणारी इंद्रिये. तिन्ही फेज आहेत का आणि मोटर किती अँपिअर घेते, हे ती पाहतात. सोबत एक लहान बॅटरी असते, तिच्यामुळे लाईन गेली तरी ‘लाईन गेली’ एवढा निरोप पेटी पाठवू शकते.

स्वस्तातली पेटी घेताना लोक हीच चौथी वस्तू गाळतात. मला हा सौदा पटत नाही. हुकूम पोचणे आणि काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही घरून बटन दाबले, पण तीनपैकी एक फेज नव्हती. मोटर नुसती घुमत राहिली आणि सकाळपर्यंत वाइंडिंग जळले. किंवा विहिरीचे पाणी खाली गेले आणि पंप कोरडा फिरत राहिला. पंप कोरडा फिरला की त्याच्यावरचा भार कमी होतो आणि अँपिअर उतरतात. काही अडकले तर अँपिअर चढतात. याच खुणेवर पेटी मोटर बंद करते आणि तुम्हाला कळवते. पण किती खाली म्हणजे कोरडे, हे तिला आपणच शिकवायचे असते. बसवण्याच्या दिवशी पाईप पूर्ण भरून पाणी पडत असताना दहा मिनिटे मोटर चालवावी, अँपिअरचा आकडा पाहावा, आणि तो मनात धरून वायरमनकडून खालची व वरची मर्यादा घालून घ्यावी. दुकानात घातलेले आकडे तसेच ठेवू नयेत. ते तुमच्या विहिरीसाठी घातलेले नसतात. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करावी आणि आर्थिंग नीट आहे याची खात्री करून घ्यावी, हे सांगायलाच नको.

आता धोक्याची गोष्ट. समजा, फुटव्हॉल्वमध्ये कचरा अडकला म्हणून वडील विहिरीत उतरले आहेत, किंवा वायरमन स्टार्टर उघडून बसला आहे. गावात मुलाला वाटते, लाईन आली असेल. तो फोन लावतो. मोटर उठते. पूर्वी मोटर चालू करणारा माणूस मोटरीजवळ असे, त्याला सगळे दिसे. आता तो तिथे नसतो. म्हणून घरात सक्त नियम करावा, की पंपाला, पाईपला किंवा तारेला हात लावण्यापूर्वी मेन स्विच पाडायचा, ग्रिपा काढायच्या आणि त्या आपल्या खिशात ठेवायच्या. फोनवरून ‘बंद’ केले म्हणजे बंद झाले असे मुळीच समजू नये. पेटीवर आणि मेन स्विचवर ठळक अक्षरांत ‘ही मोटर दुरून चालू होते’ असे लिहून ठेवावे. लहान मुलांनाही हे वाचून दाखवावे.

गुरुजी मंडळींसाठी याच तत्त्वाचे आणखी एक उदाहरण देतो. देवरीकडच्या एखाद्या शाळेतला संगणक बिघडला आणि जाणकार गोंदियात आहे, असे धरा. दुरून संगणक चालवण्याचे प्रोग्रॅम मिळतात, पण ते त्या संगणकाच्या पोटातच चालतात. संगणक सुरूच होत नसेल तर तेही गप्प. त्यासाठी बाहेरून जोडायची पेटी असते. २०१२ साली इंग्लंडात निघालेल्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या बोर्डावरही ती बनवता येते. पडद्याकडे जाणाऱ्या तारेतून ती चित्र घेते, यूएसबीच्या भोकात कीबोर्ड असल्याची बतावणी करते, आणि रिलेने पॉवरचे बटन दाबते. संगणक उठतानाचा पहिला काळा पडदासुद्धा जाणकाराला घरी दिसतो. मोटरीच्या पेटीशी ताडून पहा. बटन दाबणारा रिले तोच, आणि परत येणारी खबरही तशीच. मुलांना फळ्यावर दोन्हींची चित्रे शेजारी शेजारी काढून दाखवावीत. फक्त कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि ही पेटी उघड्या इंटरनेटवर कधी सोडू नये.

पासवर्डाची ही गोष्ट मोटरीच्या पेटीलाही लागू आहे. शिवाय तिच्या सिमला रिचार्ज लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. मुदत संपली की पेटी बहिरी होते, आणि ऐन निसव्यात धानाला पाणी कमी पडते. सिम घेताना पेटी २जी आहे की ४जी ते पाहावे. २जी पेटीत केवळ ४जी सेवा देणाऱ्या कंपनीचे सिम चालत नाही. आणि फोन मोटर उठवतो, पाणी वळवत नाही. एका बांधीतून दुसरीत पाणी घ्यायला कोणीतरी जावेच लागते. तेव्हा रात्री किती वेळ मोटर चालवायची, तो वेळ टायमरने बांधून टाकावा. नाहीतर बांध फुटतो आणि विहिरीतले पाणी फुकट जाते. वर्षातून एकदा, उन्हाळी धानाच्या रोवणीपूर्वी, बॅटरी तपासावी आणि पेटीतली नंबरांची यादी वाचावी. कामासाठी नागपूरला गेलेल्या मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर त्यात असेल, तर तो खोडून टाकावा. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते.