बोदोनीची केशरेषा

मासिकांच्या मथळ्यांत शोभणाऱ्या भारदस्त रोमन अक्षरांविषयी लेख हवा, अशी संपादकांची मागणी आली, तेव्हा त्या अक्षरांचे कुलवृत्त शोधीत इटलीतील पार्मा येथे जाणे क्रमप्राप्त होते. कारण तेथील पिलोत्ता राजवाड्यात, 1963 साली खुल्या झालेल्या बोदोनी संग्रहालयात, या घराण्याच्या मूळ पुरुषाचे पोलादी पंच हजारोंच्या संख्येने जतन केलेले आहेत.

जाम्बात्तिस्ता बोदोनी 1740 मध्ये सालुत्सो येथे मुद्रकाच्या घरी जन्मला आणि रोमच्या प्रोपागांडा फीदे छापखान्यात पौर्वात्य लिप्यांचे खिळे हाताळून तयार झाला.  1768 मध्ये पार्म्याच्या ड्यूकने त्यास आपल्या शाही मुद्रणालयाची मुखत्यारी दिली. 1813 मध्ये तो निवर्तला, आणि त्याच्या अक्षरनमुन्यांचा द्विखंड ग्रंथ त्याची पत्नी मार्गेरिता हिने 1818 मध्ये सिद्धीस नेला.

माझे चित्त मात्र पंचापाशीच खिळून राहिले. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, त्यातील पोकळी प्रसंगी दुसऱ्या पंचाने ठोकून खोल करावयाची, मग तापवून व विझवून त्या पोलादास कठीण करावयाचे, तांब्यावर त्याचा ठसा उमटवावयाचा आणि त्या ठशात शिशाचा मिश्र रस ओतून खिळा पाडावयाचा, हा सारा खटाटोप ज्या एका रेषेवर येऊन ठेपतो, ती रेषा केसाएवढी असते. उभा दांडा ठाशीव आणि रुंद, आडवी रेघ व टोकाची पट्टी अतिसूक्ष्म, आणि दोहोंची गाठ जवळजवळ काटकोनात: या अक्षराचे सर्व वैभव या विरोधात आहे.

ठळक रूपात हा विरोध पराकोटीस जातो, कारण भर पडते ती दांड्यांत. केशरेषा होती तेवढीच राहते, आणि अक्षरातील पांढरी जागा आक्रसून काळ्या खांबांची एक गंभीर लय कागदावर उभी राहते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या लॉटरीवाल्यांनी अशाच स्थूल अक्षरांत आपली जाहीरपत्रके छापली, आणि 1929 मध्ये लायनोटाइपच्या चॉन्सी ग्रिफिथ यांनी पोस्टर बोदोनी सिद्ध केली. ग्रंथाचे नामपत्र, नियतकालिकाचे शीर्षक, नाटकाचे भित्तिपत्रक, ही तिची खरी क्षेत्रे. शब्द मोजके असावेत आणि सभोवती कोरी जागा सढळ असावी.

अडचण आहे ती आकाराची. वृत्तपत्रीय कागदावर शाई पसरते. काळ्या भूमीवर पांढरी अक्षरे काढली तर तीच शाई केशरेषेवर चढून तिला गिळून टाकते. आणि लहान आकारात ती मुळातच दिसेनाशी होऊन शब्दांच्या जागी नुसते उभे गज उरतात, ज्यांवरून डोळा घसरत राहतो. बोदोनीने यावर तजवीज केली होती ती आकारागणिक स्वतंत्र पंच कोरून, लहान अक्षरांत बारीक रेघ किंचित जाड ठेवून. परंतु एकच रेखाटन ताणून वा आवळून सर्व आकारांस लावण्याची सोय झाली, आणि हे शहाणपण मागे पडले. ते पुन्हा अंगीकारण्यासाठी आयटीसी या संस्थेने आपले अभिकल्पक पार्म्यास धाडले, आणि 1994 मध्ये 6, 12 व 72 पॉइंटांकरिता तीन निरनिराळी रेखाटने काढविली. तेव्हा ज्यांच्या हाती मथळ्यांचे काम आहे, त्यांना माझी विनंती एवढीच, की बोदोनी घेताना तिचा आकार आधी ठरवावा, त्या आकाराचेच रेखाटन मागावे, आणि मजकुराच्या बारीक ओळींकरिता दुसरे अक्षर योजावे.