प्रकाशतंतू आणि घराच्या भिंती

काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या साहाय्याने संदेश दूरवर नेता येतील, असे चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली दाखवून दिले. आज हा तंतू भारतातील अनेक घरांच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. मात्र एकाच तंतूची क्षमता बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. म्हणून कंपनी निवडताना जाहिरातीतील वेगापेक्षा तिच्याकडून शेजाऱ्यांना सायंकाळी प्रत्यक्ष मिळणारा वेग आणि बिघाड दुरुस्तीस लागणारा काळ पाहावा.

राउटरच्या ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक वेग देतात, पण भिंतींपुढे लवकर क्षीण होतात, २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर पोहोचतात. तेव्हा दोन्ही लहरींचा राउटर घेऊन तो घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. अन्यथा महागडी जोडणी घेऊनही आतल्या खोलीत शिकणाऱ्या मुलाचा तास अर्ध्यावरच तुटेल.