रिमोट स्टेशन: घरी जुळवायचं की तयार घ्यायचं?

आजचा विषय फ्लॅटमधल्या हॅम मित्रांसाठी. सोसायटी गच्चीवर अँटेना लावू देत नाही, गावच्या घरी मात्र जागा भरपूर. माझंही तेच. मग रेडिओ गावी ठेवायचा आणि पुण्यातून चालवायचा. (आधी तुमच्या लायसन्सच्या अटी नीट वाचा.)

रिमोटला कामं चारच: फ्रिक्वेन्सी बदलणं, आवाज दोन्हीकडे नेणं, पीटीटी दाबणं-सोडणं, आणि काही बिनसलं तर सगळं बंद करणं.

घरगुती मार्ग बघू. आयकॉम आयसी-७३०० सारख्या रिगमध्ये कंट्रोल आणि ऑडिओ एकाच यूएसबी केबलवर मिळतात. ती केबल रास्पबेरी पायला जोडा, त्यावर हॅमलिबचं रिगसीटीएलडी चालवा, आवाजासाठी मंबल. सॉफ्टवेअर फुकट! पण रिगसीटीएलडीचं ४५३२ पोर्ट इंटरनेटवर उघडं टाकू नका. कुणीही तुमच्या कॉलसाइनवर ट्रान्समिट करेल. वायरगार्डसारखा व्हीपीएन हवाच.

तयार मार्ग म्हणजे रिमोटरिगसारखे दोन डबे: एक रेडिओपाशी, एक तुमच्यापाशी. काही रिगचं सुटं होणारं फ्रंट पॅनल तुमच्या टेबलावर येतं, खरा नॉब हातात! मॉर्स करणाऱ्यांना हे जास्त आवडेल. पैसे मात्र बरेच मोजावे लागतात. आणि गावच्या नेटला पब्लिक आयपी नसेल, तर ती डोकेदुखी इथेही सुटत नाही.

आता चौथं काम, सगळ्यात महत्त्वाचं. पीटीटी दाबलेली असताना नेट गेलं तर? रेडिओ ट्रान्समिट करतच राहतो. फ्रिक्वेन्सी अडते, फायनल ट्रान्झिस्टर तापतात. म्हणून रिगमध्ये टाइम-आउट टायमर असेल तर तो चालू ठेवा. पायवर छोटी स्क्रिप्ट: दोन सेकंद संपर्क नाही, की पीटीटी बंद. आणि पायच हँग झाला तर? रिगचा १३.८ व्होल्टचा सप्लाय तोडणारा वेगळा जीएसएम रिले ठेवा. तयार डबा घेतलात तरी हा रिले लावाच. वळवाच्या विजा सुरू झाल्या की अँटेनाची केबल मात्र घरातल्या कुणीतरी हातानेच काढायची.

मग निवडायचं कसं? एकच प्रश्न विचारा: गावी बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? लिनक्स माझं रोजचं काम, महिन्याला गावी फेरी होते, म्हणून मी घरी जुळवलं. तुम्ही वर्षातून एकदाच जात असाल, तर तयार घ्या. आईला फोनवरून "स्विच बंद करून चालू कर" सांगता येतं, टर्मिनल उघडायला नाही!

भेटू पुढच्या भागात. ७३!