दुसऱ्या खेळात गेलेला रेसलर परत येतो का? ब्रॉक लेस्नरची गोष्ट वाचली की गणित कळतं

शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्ड खेळलेल्या पिढीला ब्रॉक लेस्नर वेगळा सांगावा लागत नाही. सोनेरी केस, दारात मावणार नाहीत असे खांदे आणि समोरच्याला खांद्यावर आडवा घेऊन गरगर फिरवत आपटायचा तो 'एफ-५'.

पण हाच लेस्नर २००४ मध्ये अचानक दिसायचा बंद झाला. पुढची आठ वर्षं त्याच्या चाहत्यांचा प्रश्न एकच होता. तो परत येणार का?

आजही एखादा रेसलर दुसऱ्या खेळात गेला की हाच प्रश्न विचारला जातो. काही जण म्हणतात, गेला तो संपला. काही जण म्हणतात, पैसे दिले की येईल. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये आहे, आणि ते लेस्नरच्या गोष्टीतून नीट समजतं.

लेस्नर मूळचा अमेरिकेतल्या साऊथ डकोटा राज्यातला. वेबस्टर नावाच्या गावाजवळ घरची दुधाची शेती. कॉलेजात तो खरीखुरी, मॅटवरची कुस्ती खेळायचा. २००० मध्ये मिनेसोटा विद्यापीठाकडून त्याने हेवीवेट गटात अमेरिकेतलं सर्वोच्च कॉलेज विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला करारबद्ध केलं.

मार्च २००२ मध्ये तो पहिल्यांदा 'रॉ'मध्ये दिसला. पाचच महिन्यांत, ऑगस्टमधल्या समरस्लॅममध्ये त्याने द रॉकला हरवलं. वय २५. तोपर्यंतचा सगळ्यात तरुण डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन.

मग एवढं सगळं हातात असताना तो गेला का?

कारण या धंद्याची दुसरी बाजू. निकाल आधी ठरलेला असला तरी आपटणं खरं असतं. आज या गावात शो, उद्या त्या गावात. दुखणं अंगावर काढायचं आणि पुढचं विमान पकडायचं. या सततच्या प्रवासाला आणि वेदनांना आपण विटलो होतो, हे लेस्नरने नंतर आपल्या आत्मचरित्रात सांगितलं.

मार्च २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेसलमेनिया २० झालं. लेस्नरची मॅच गोल्डबर्गशी होती. दोघंही कंपनी सोडून चाललेत ही बातमी आधीच फुटली होती. एरवी ज्या मॅचवर लोकांनी जीव टाकला असता, त्या मॅचमध्ये दोघांचीही हुर्यो उडवली गेली.

लेस्नर निघाला होता अमेरिकन फुटबॉल खेळायला. शाळा सुटल्यापासून तो हा खेळ खेळलेला नव्हता. त्यात एप्रिलमध्ये त्याच्या मोटरसायकलला अपघात झाला. जबडा मोडला, हात मोडला, जांघेला मार लागला. तरीही जुलैमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला सराव शिबिरात घेतलं. तो काही सराव सामने खेळला, पण मुख्य हंगाम सुरू व्हायच्या आधीच त्याला संघातून वगळण्यात आलं.

आता इथे कोणीही म्हणेल, मग परत यायचं ना. पण आडवा आला कागद.

डब्ल्यूडब्ल्यूईच्या करारातून सुटताना लेस्नरने एक अट मान्य केली होती. जून २०१० पर्यंत दुसऱ्या कुठल्याही कुस्तीच्या किंवा मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या कंपनीत काम करायचं नाही. फुटबॉल जमला असता तर ही अट त्याच्या लक्षातही राहिली नसती. फुटबॉल हुकला आणि त्याच अटीचं कुलूप झालं. सत्तावीस वर्षांचा माणूस, कमाई फक्त शरीरावर, आणि त्या शरीराने कमवायला तेहतिशीपर्यंत बंदी.

२००५ मध्ये तो कोर्टात गेला. खटला चालू असतानाच जपानला जाऊन न्यू जपान प्रो-रेसलिंगमध्ये उतरला आणि टोकियो डोममध्ये पहिल्याच मॅचला त्यांचा सर्वोच्च किताब घेतला. शेवटी २००६ मध्ये तडजोड झाली आणि तो मोकळा झाला.

म्हणजे रेसलरच्या परतीचं पहिलं गणित हे कराराचं असतं. तो कुठल्या अटीवर गेला आणि ती अट कधी संपते, हे पाहिल्याशिवाय बाकीच्या चर्चेला अर्थ नसतो.

मोकळा झाल्यावर लेस्नर गेला एमएमएमध्ये. इथे ठोसा खरा आणि निकालही खरा. जून २००७ मध्ये पहिल्या लढतीत त्याने ऑलिम्पिकमध्ये ज्युदोचं रौप्यपदक मिळवलेल्या मिन-सू किमला ६९ सेकंदांत हरवलं. फेब्रुवारी २००८ मध्ये यूएफसीतल्या पहिल्या लढतीत मात्र फ्रँक मीरने त्याचा पाय पकडला आणि दीड मिनिटात खेळ संपला. 'नाटकातला पैलवान' म्हणून हसणाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं.

पण नोव्हेंबर २००८ मध्ये, कारकिर्दीतल्या फक्त चौथ्या लढतीत, त्याने रँडी कूटूरला हरवून यूएफसीचा हेवीवेट किताब घेतला. जुलै २००९ मध्ये यूएफसी १०० मध्ये मीरचाही हिशेब चुकता केला.

त्यानंतर शरीराने दगा दिला. मोठ्या आतड्याचा डायव्हर्टिक्युलायटिस नावाचा आजार झाला. त्यातून उठून त्याने जुलै २०१० मध्ये शेन कार्विनला हरवलं, पण ऑक्टोबरमध्ये केन व्हेलास्केझने किताब काढून घेतला. २०११ मध्ये आजार उलटला, शस्त्रक्रिया झाली. ३० डिसेंबर २०११ ला ॲलिस्टर ओव्हरीमने पहिल्याच फेरीत हरवलं आणि लेस्नरने तिथेच निवृत्ती जाहीर केली.

एखाद्या क्रिकेटपटूने असं हरून खेळ सोडला असता, तर त्याची बाजारातली किंमत संपली असती. लेस्नरची वाढली. अवघ्या तीन महिन्यांनी, २ एप्रिल २०१२ ला मायामीत 'रॉ' चालू असताना त्याची धून वाजली. तो चालत आला, जॉन सीनाला एफ-५ मारला आणि सगळं सभागृह उभं राहिलं. जाताना हुर्यो उडवणारे आणि येताना टाळ्या वाजवणारे, दोघेही त्याच कंपनीचे प्रेक्षक.

असं का झालं? कारण खऱ्या खेळात बाहेर घालवलेली वर्षं खेळाडूला मागे टाकतात. रेसलिंगमध्ये तीच वर्षं त्याच्या पात्रात जमा होतात. लेस्नर बाहेर जाऊन 'खरा' लढला होता, खरा चॅम्पियन झाला होता. आता ठरवलेल्या मॅचमध्येही त्याचा ठोसा प्रेक्षकांना खरा वाटणार होता.

शिवाय नवा करार त्याच्या मनासारखा होता. एका वर्षाचा, मोजक्याच तारखांचा. ज्या रोजच्या वणवणीला कंटाळून तो गेला होता, तीच त्याने करारातून काढून टाकली. पुढे २०१४ मध्ये रेसलमेनियातली अंडरटेकरची २१ विजयांची अखंड मालिका मोडायचा मान कंपनीने त्यालाच दिला.

हे सगळं तो जिंकला म्हणून झालं, असं वाटत असेल तर सीएम पंककडे बघा. २०१४ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईतून वैतागून बाहेर पडला आणि त्याच वर्षी यूएफसीत गेला. २०१६ मध्ये पहिल्या लढतीत २ मिनिटं १४ सेकंदांत हरला. २०१८ मधली दुसरी लढतही जिंकता आली नाही. तरी ऑगस्ट २०२१ मध्ये ऑल एलिट रेसलिंगमध्ये तो परतला, तेव्हा त्याचं गाव असलेल्या शिकागोत लोक रडत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईतही आला. म्हणजे बाहेरचा निकाल दुय्यम असतो, लोक वाट बघतायत की नाही हे महत्त्वाचं असतं.

अर्थात दोन डगरींवर हात ठेवायची किंमतही असते. २०१६ मध्ये लेस्नर डब्ल्यूडब्ल्यूईच्या परवानगीने एकदा यूएफसीत लढला, मार्क हंटला हरवलंही. पण उत्तेजक चाचणीत दोषी आढळला. निकाल रद्द झाला, अडीच लाख डॉलर दंड आणि एक वर्षाची बंदी झाली.

आता तर २०२३ पासून डब्ल्यूडब्ल्यूई आणि यूएफसी टीकेओ या एकाच कंपनीखाली आहेत. ज्या दोन दारांमध्ये लेस्नरच्या वेळी कोर्टाची पायरी होती, ती दोन्ही दारं आता एकाच वाड्याची आहेत.

त्यामुळे पुढच्या वेळी 'अमुक रेसलर परत येणार' अशी पोस्ट दिसली, की तीन गोष्टी तपासायच्या. जुना करार मोकळा झालाय का? शरीरात अजून आपटून घ्यायची ताकद आहे का? आणि लोक अजून त्याचं नाव घेतायत का?

पहिल्या दोघांचं उत्तर वकील आणि डॉक्टर देतात. तिसऱ्याचं उत्तर ती पोस्ट शेअर करणारे देत असतात.