मनोरुग्णांच्या दारी दत्तजयंतीचे दान

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की कृष्णाकाठ भक्तिरसात न्हाऊन निघतो. वाई, माहुली, कऱ्हाडपासून औदुंबर-सांगलीपर्यंत घरोघरी श्रीगुरुचरित्राचे सप्ताह बसतात, प्रसादाचा शिधा गोळा होतो आणि यथाशक्ती दानाचा संकल्प सोडला जातो. यंदाच्या संकल्पात भाविकांनी मनोरुग्णांचेही स्मरण ठेवावे, अशी नम्र विनंती आहे.

श्रीदत्तात्रेय हे अवधूतांचे दैवत. अवधूत कधी बालकासारखा, तर कधी वेड्यासारखा वावरतो, असे वर्णन आपल्या ग्रंथांत आढळते. परंतु मनाचा आजार म्हणजे अवधूतदशा नव्हे, आणि ती बाहेरची बाधाही नव्हे. ज्वराप्रमाणे तोही आजारच आहे व त्यावर औषध आहे. पीडित आप्ताला दत्तचरणी अवश्य आणावे. मात्र सेवेसाठी औषध बंद करू नये. तामिळनाडूतील एरवाडी या यात्रास्थानी ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास संपूर्ण बंदी केली आहे. श्रद्धेचे स्थान हे बंदिवासाचे स्थान होऊ नये, हे सांगण्याचा पहिला अधिकार आणि पहिले कर्तव्य आम्हा कीर्तनकारांचेच आहे.

आता दानाविषयी. ठाण्याच्या मनोरुग्णालयाशी नरोत्तमदास माधवदास या दात्याचे नाव आरंभापासून जोडलेले आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी व नागपूर ही राज्यातील चार जुनी शासकीय मनोरुग्णालये. आपल्या भागात मिरजेस १८९४ पासून रुग्णसेवेची मोठी परंपरा लाभली असून तेथे ‘कृपामयी’ हे मनोरुग्णालयही आहे. स्थळ कोणतेही असो, दान कसे द्यावे हे महत्त्वाचे. तैत्तिरीय उपनिषदातील गुरू शिष्याला निरोप देताना सांगतात, की दान श्रद्धेने द्यावे, संकोचाने द्यावे, भीतीने द्यावे आणि जाणतेपणाने द्यावे. मनोरुग्णालयाच्या दारी या चारही गोष्टींची कसोटी लागते.

प्रथम जाणतेपणा. पेढ्यांचे खोके घेऊन अचानक जाऊ नये. कित्येक रुग्णांना मधुमेह असतो, कित्येकांना पथ्य असते. काच, दोरी, धारदार वस्तू आत चालत नाहीत. म्हणून आधी अधीक्षकांना भेटून गरज विचारावी. कदाचित ते ब्लँकेट, टॉवेल, अंगाचा साबण किंवा अंगाला नीट बसतील असे नवे कपडे सांगतील. घरातील विटलेली लुगडी व फाटके सदरे नेऊन टाकणे, हे दान नव्हे. रोख रक्कम द्यावयाची असल्यास पावती घ्यावी.

दुसरा संकोच, म्हणजे देणाऱ्याचा विनय. फळे वाटताना रुग्णाशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेणे व ते छापून आणणे सर्वथा वर्ज्य. रुग्णाच्या संमतीवाचून त्याचे छायाचित्र प्रसिद्धीस देण्यास कायद्यानेही मनाई आहे. आपल्या लेकीचे असे छायाचित्र आपल्याला चालेल काय, एवढा एकच प्रश्न मनास विचारावा.

तिसरी भीती, ती दिलेला शब्द मोडण्याची. “पुन्हा येतो” असे म्हणून न येणारा पाहुणा रुग्णाच्या मनाला मोठी जखम करतो. वर्षातून एकदा मेजवानी देण्यापेक्षा, परवानगी घेऊन दर पंधरवड्यास तासभर बसणारा अधिक उपयोगी. भजन करावयाचे असेल तर ते थोडके असावे आणि टाळ रुग्णांच्याच हाती द्यावेत. आख्यान निवडताना शाप, भूतबाधा, पूर्वजन्मीचे पाप हे विषय टाळावेत. आधीच खचलेल्या जिवावर आणखी ओझे घालू नये. ज्यांना वेळ द्यावयाचा आहे त्यांनी थोडे शिक्षणही घ्यावे. साताऱ्यातील ‘परिवर्तन’ या संस्थेने अशा स्वयंसेवकांना ‘मानसमित्र’ असे सुरेख नाव दिले आहे. घरात कोणाचे मन ढासळत असेल तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांकही ध्यानी असावा.

आणि श्रद्धा? ती येथे रुग्णावर ठेवावयाची असते. हा माणूस बरा होईल, आपल्यात नांदेल, अशी. बेल्जियममधील घेल या यात्रेच्या गावी संत डिम्फ्नेच्या दर्शनास आणलेल्या मनोरुग्णांना गावकऱ्यांनी आपल्या घरांत ठेवून घेतले, आणि ती रीत कित्येक शतके चालत आली. आपल्याकडे मात्र बरे झालेले कितीतरी जीव केवळ न्यावयास कोणी येत नाही म्हणून रुग्णालयातच दिवस कंठतात. घर नाही एवढ्याच कारणाने कोणाला तेथे अडकवून ठेवता येणार नाही, असे कायदा म्हणतो. पण कायदा घराचे दार उघडू शकत नाही. ते घरच्यांनीच उघडावे लागते.

ज्यांचा भाऊ, नणंद वा चुलता अशा एखाद्या रुग्णालयात आहे, त्यांनी या दत्तजयंतीस प्रसाद घेऊन त्याच्याकडे जावे, डॉक्टरांशी बोलावे, आणि तो बरा असेल तर त्याला सन्मानाने घरी आणावे. याहून मोठे दान नाही. श्रीगुरुदेव दत्त सर्वांस तशी बुद्धी व बळ देवोत.