लांबच्या सायकल सहलीला कपडे कोणते?

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही चौघे, म्हणजे सौ., १५ वर्षांची मुलगी, १२ वर्षांचा मुलगा आणि मी, सिरसाळ्याहून सायकलींवर निघालो. परळी, अंबाजोगाईमार्गे लातूर गाठायचे आणि त्याच वाटेने परतायचे, असा चार दिवसांचा बेत होता. पहाटे निघताना थंडी चांगलीच बोचत होती. मुलाला मी सुती बनियन, सुती सदरा आणि वर जाड स्वेटर घालायला लावला आणि बजावले, "वाटेत स्वेटर काढायचा नाही."

परळीच्या पुढे बालाघाटच्या डोंगराचा चढ लागला. मुलगा घामाघूम झाला. "बाबा, आता काढू का?" असे त्याने दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मी नको म्हणालो. चढ संपल्यावर आम्ही वाऱ्याच्या तोंडी एका झाडाखाली टेकलो. तेव्हा कुठे त्याने स्वेटर काढला. पाच मिनिटांत त्याच्या अंगावर काटा आला आणि दात वाजू लागले. ऊन वर आले होते, पहाटेची थंडी ओसरली होती आणि मुलगा मात्र कुडकुडत होता! वर्गात वर्षानुवर्षे बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा शिकवणाऱ्या माणसाच्या हातून ही चूक झाली होती.

चूक कोणती, ते पाहू. सायकल चालवताना स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा पेडल फिरवण्याच्या कामी येतो. उरलेली सारी ऊर्जा उष्णता बनते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण २०० ते २५० वॉट उष्णता निर्माण होते. चढावर त्याहून जास्त. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात ती सुमारे १०० वॉटच असते. म्हणजे सायकलस्वार हा एक चालता शेगडा आहे, पण तो थांबला की शेगडीतील निखारे एकदम निम्मे होतात.

ही जादा उष्णता बाहेर टाकण्याचे काम घाम करतो. १ ग्रॅम घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाला ३०० ग्रॅम घाम सुकला, तर २०० वॉट उष्णता बाहेर गेली. मात्र घाम सुकला पाहिजे. थेंब ओघळून जमिनीवर पडला तर त्याचा उपयोग नाही. जाड स्वेटरच्या आत हवा बाष्पाने भरून गेली, घाम सुकेना आणि तो सारा बनियन-सदऱ्यात मुरला.

आता मुलाच्या कपड्यांत १०० ग्रॅम घाम साठला होता असे धरा. तो सुकायला २,४०,००० ज्यूल उष्णता हवी. स्वस्थ बसलेले १०० वॉटचे शरीर एवढी उष्णता निर्माण करायला ४० मिनिटे घेईल! काही उष्णता उन्हातून आणि हवेतून मिळते हे खरे, पण बराचसा वाटा अंगातूनच जातो. शिवाय ओल्या कपड्याच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी असते आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. चढावर हवा असलेला गारवा अशा रीतीने विश्रांतीच्या वेळी मिळाला.

यावरून पहिला नियम मिळतो : एक जाड कपडा घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. दोन थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा ऊब देते. चढ लागण्याआधी वरचा थर काढावा. थांबताच, अंग गार पडण्यापूर्वी, पुन्हा चढवावा.

अंगालगतचा कपडा कशाचा असावा? सर्वसाधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, लोकर सुमारे १५ टक्के आणि पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषून घेते. पॉलिएस्टरचा धागा स्वतः पाणी पीत नाही, पण खेळाडूंच्या बनियनची वीण अशी असते की केशाकर्षणाने घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या पृष्ठभागावर पसरतो आणि लवकर सुकतो. लोकर ओली झाली तरी तिचे कुरळे तंतू हवा धरून ठेवतात. म्हणून थंडीत आत असे बनियन आणि वर पातळ लोकरी कपडा ही जोडी उत्तम.

मग सूत वाईट का? मुळीच नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. हवाच त्वचेहून गरम असते, तेव्हा शरीर थंड ठेवायला बाष्पीभवनाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. कोरड्या हवेत ओला सुती सदरा माठाचे काम करतो. पण तो सैल आणि पूर्ण बाह्यांचा हवा. सिनाई-नेगेवच्या वाळवंटातील बेदुइन लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो, तरीही त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच आढळली. झग्याखाली खेळणारी हवा जादा उष्णता वाहून नेत होती. आपला सैल सदरा आणि पटका याच जातीचे. रस्त्यावर दिसून यावे म्हणून मात्र रंग भडक किंवा पांढराच बरा.

एकाच प्रवासात दोन्ही हवामाने भेटली तर? २०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. तिच्या वाटेत तापलेले वाळवंट आणि रॉकी पर्वतातील गार खिंडी दोन्ही येतात. तेथे एकच पोशाख पुरणार कसा?

सैलपणालाही मर्यादा आहे. ओढणी, पदर, पायजम्याची मोहरी साखळीत किंवा आऱ्यांत अडकली तर अपघात ठरलेला. छातीशी सैल आणि घोट्याशी बांधलेले, असा आमच्या घरचा नियम झाला आहे. जाड शिवणीची जीनची विजार टाळावी. घामाने ओली शिवण खोगिरावर घासून कातडी सोलते.

परतीच्या वाटेवर अंबाजोगाईहून सकाळी उतार लागला. उतारावर पाय स्वस्थ, म्हणजे उष्णता कमी. वेग जास्त, म्हणजे वारा अधिक. आम्ही कोरडे बनियन घातले आणि सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली. युरोपातील सायकलपटू घाट उतरताना हीच युक्ती करीत. कागद वारा अडवतो आणि घड्यांत हवा धरतो. या वेळी कोणाचेही दात वाजले नाहीत. स्वेटर केव्हा काढायचा, हे मुलानेच ठरवले.

करून पाहा : सुती, टेरिकॉट, पॉलिएस्टर आणि लोकरी कापडाचे सारख्या आकाराचे तुकडे घ्या. प्रयोगशाळेच्या तराजूवर कोरडे वजन करा. भिजवून, पिळून पुन्हा वजन करा आणि सावलीत टांगा. दर १० मिनिटांनी वजन घेऊन आलेख काढा. कोणता तुकडा किती पाणी धरतो आणि ते किती वेळात सोडतो, हे पाहून मगच सहलीची पिशवी भरा.